साथीत माणसाला घरात बसवायचा हक्क सरकारला कुठून येतो? आणि त्याचं बिल कोणी भरायचं?

कुळागरवाला

कोविडच्या दिवसांत या विषयावर इथे भरपूर भांडणं झाली. तेव्हा प्रत्येकाच्या घरात कोणीतरी आजारी होतं, नाहीतर धंदा बसला होता. निवांत बोलणं शक्यच नव्हतं. आता बोलू या.

साथ आली की सरकार रस्ता अडवतं, दुकानं बंद करतं, माणसाला घरात नाहीतर इस्पितळात डांबतं. एरवी कोणी असं केलं तर आपण पोलिसांत जाऊ. साथीत तेच बरोबर ठरतं. का ठरतं, आणि कुठपर्यंत?

मी कोविडपासून सुरुवात करत नाही, कारण गोव्याकडे त्याहून जुनं आणि जास्त टोचणारं उदाहरण आहे. डॉमिनिक डिसोझा. बार्देशातला तरुण, नेमानं रक्तदान करणारा. दान केलेल्या रक्तात एचआयव्ही सापडला म्हणून १४ फेब्रुवारी १९८९ रोजी त्याला पोलिसांमार्फत ताब्यात घेतलं आणि टीबीच्या एका जुन्या सॅनिटोरियममध्ये एकटं ठेवलं. ६४ दिवस. आधार होता गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक आरोग्य कायदा १९८५ चा. एड्सच्या रुग्णाला वेगळं ठेवायचं कलम त्यात होतं. आई लुसी डिसोझा उच्च न्यायालयात गेल्या. डॉमिनिक सुटला, पण कलम काही पडलं नाही. व्यक्तीचा हक्क आणि समाजाचं हित यांत टक्कर झाली तर व्यक्तीनं मागे सरावं, असाच न्यायालयाचा सूर होता.

एचआयव्ही हवेतून पसरत नाही, एका ताटात जेवून होत नाही, हे १९८९ मध्ये जगाला ठाऊक होतं. मग त्याला कोंडून कोण वाचलं? मला तर वाटतं नुकसानच झालं. रक्त तपासलं की पोलीस दारात येतात असं दिसल्यावर तपासायला जाणार कोण?

माझं म्हणणं असं. दुसऱ्याला धोका असेल आणि बंदीनं तो धोका खरंच कमी होणार असेल तर स्वातंत्र्य रोखता येतं, इथवर बहुतेक जण मान्य करतील. मी पुढे जाऊन म्हणतो की ज्याचं स्वातंत्र्य घेतलं त्याचं नुकसान बाकीच्या समाजानं भरून दिलं पाहिजे. जेवण, औषध, बुडालेली मजुरी, टिकलेली नोकरी. याला मी दया समजत नाही. हे नसेल तर धोका खरा असूनही ती बंदी अन्यायाचीच राहते.

बोला.

शंकासूर

कुळागरवालेबाब, शेवटच्या परिच्छेदात तुम्ही सरकारला चावी दिलीत. पैसे फेकले की कोंडायला मोकळे, असाच अर्थ निघतो. डॉमिनिकला महिन्याचा पगार आणि दोन वेळचं जेवण दिलं असतं तर चाललं असतं का तुम्हाला?

आणि साथीच्या नावावर काय काय चालतं ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला, आणि पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले. देवघरं तुडवली, बायकांची तपासणी उघड्यावर केली, माणसं छावण्यांत नेऊन टाकली. प्लेग खरा होता. माणसं खरंच मरत होती. तरी २२ जून १८९७ ला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली तेव्हा पुणं काही रडलं नाही. २०२० मध्ये आपल्याला घरात बसवलं ते याच कायद्याच्या जोडीला आपत्ती व्यवस्थापन कायदा लावून. रात्री आठला भाषण, बाराला देश बंद.

माझा नियम सोपा आहे: सल्ला द्या, लस द्या, माहिती द्या. हात लावू नका.

नाईट_ड्युटी

शंकासूर, रागावू नका पण हे वाचून हसू आलं. सल्ला आम्ही देतच होतो. एप्रिल २०२१ मध्ये रोज देत होतो.

मी तेव्हा एका मोठ्या इस्पितळात होते, नाव घेत नाही. मे महिन्याच्या सुरुवातीला गोव्यात काही दिवस असे आले की तपासलेल्या दोघांमागे एक पॉझिटिव्ह. ११ मे २०२१ ला पहाटे दोन ते सहा या वेळात गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, २६ रुग्ण गेले, हे आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी स्वतः सांगितलं होतं. ऑक्सिजनअभावी कोणी मरू नये म्हणून उच्च न्यायालयाला आदेश द्यावे लागले. त्याच्या काही दिवस आधीपर्यंत आपल्याकडचा मोठा वाद काय होता? पर्यटन बंद करायचं की नाही.

तुम्ही बंदीचा हिशेब मागता, मागायलाच हवा. मोकळं ठेवण्याचा हिशेब मात्र कोणी मागत नाही. किनाऱ्यावर पार्टी करणाऱ्याचं स्वातंत्र्य आमच्याकडे खाटेच्या आणि सिलिंडरच्या रूपात येऊन पोचत होतं, आणि ती खाट दुसऱ्याच कोणाला तरी नाकारली जात होती. सरकारनं काहीच केलं नाही तरी कोणाला वाचवायचं हे ठरतच असतं. फक्त ते मध्यरात्री वॉर्डात ठरतं, आणि ठरवणाऱ्याचं वय सव्वीस असतं.

अवांतर: तेव्हा आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध सगळ्या प्रौढांना वाटायची घोषणाही झाली होती. जागतिक आरोग्य संघटना अशा वापराला नको म्हणत होती. त्यामुळे "सरकारचं ऐका" असं मी डोळे मिटून म्हणत नाही हे लक्षात घ्या.

मास्तर_डिचोली

नाईट_ड्युटीताई, पूर्ण सहमत.

सगळे सरकार सरकार करताहेत. मार्च २०२० मध्ये आमच्या तालुक्यात सरकारच्या आधी गावं बंद झाली होती. रस्त्यावर माड आडवे टाकले, ड्रम लावले, पोरं दांडे घेऊन बसली. पोदेर (पाववाला) सायकल घेऊन यायचा त्याला परत पाठवला. पलीकडच्या वाड्यावरच्या बाईला डायलिसिसला न्यायचं होतं तर आधी अर्धा तास वाटाघाटी. त्या पोरांना कोणी अधिकार दिला होता? कोणत्या कायद्यानं? तरी गावातल्या शहाण्या माणसांनासुद्धा ते पटत होतं, मलाही पटत होतं. भीतीत आपण स्वतःहून किती कडक होतो ते पाहिलं की मला सरकारची बंदी परवडली असं वाटतं. तिच्याविरुद्ध निदान कोर्टात जाता येतं. माड आडवा टाकणाऱ्यावर दावा कसा लावणार?

त्याच वर्षी चवथीला उलटा अनुभव. २२ ऑगस्टची चवथ. मुंबई-पुण्याच्या भावांना मूळ घरी येऊ नका म्हणायला कोणतीही अधिसूचना नव्हती. आम्हीच फोन करून सांगितलं. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधली, दीड दिवसात गणपती पोचवला. एक भाऊ अजून नीट बोलत नाही, ते सोडा. पण जबरदस्तीशिवाय माणसं ऐकतात, त्याला कारण समजलं पाहिजे आणि सांगणारा आपला पाहिजे.

दोडामार्गकर

मी सहसा लिहीत नाही, फक्त वाचतो. पण राहवलं नाही.

माझं घर महाराष्ट्रात, पोट गोव्यात. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी, इथली हजारो माणसं रोज सकाळी नाका ओलांडून जातात. औद्योगिक वसाहती, हॉटेलं, दुकानं. आजारी पडलो तर बांबोळीचं इस्पितळ जवळ, आमच्या जिल्ह्याचं ओरोसचं लांब. तुमच्यासाठी ती राज्याची सीमा, आमच्यासाठी कामावर जायचा रस्ता.

२ जुलै २०२० ला गोव्यानं पर्यटकांसाठी हॉटेलं उघडली. माझा पास तेव्हाही लटकलेला. मी ज्या हॉटेलात भांडी घासतो तिथे दिल्लीचा पाहुणा पोचला, आणि मी पत्रादेवीच्या सीमानाक्याच्या अलीकडे. पुढल्या वर्षी मे महिन्यात उच्च न्यायालयानं सांगितलं की निगेटिव्ह अहवाल असल्याशिवाय गोव्यात प्रवेश नाही. अहवाल ७२ तासांच्या आतला. पाहुणा एकदा येतो, एकदा नाक खुपसून घेतो. मी रोज येतो. तपासणीचे पैसे कोणी द्यायचे? मालक म्हणाला तुझं तू बघ. नंतर म्हणाला, नको येऊस.

बंदी चूक होती असं म्हणत नाही मी. ताईंनी लिहिलंय ते आम्ही पण बघत होतो. पण तीच बंदी एकाला सुट्टीचा खोळंबा आणि दुसऱ्याला चूल बंद, असं असेल तर ती सगळ्यांना सारखी लावली असं म्हणू नका.

कुळागरवाला

दोडामार्गकर, लिहीत जा. तुमचा प्रतिसाद माझ्या मूळ लेखापेक्षा नेमका आहे.

शंकासूर, तुमच्या "पैसे फेका आणि कोंडा" ला उत्तर देतो. डॉमिनिकला पैसे दिले असते तरी ते चूकच होतं, कारण त्याला कोंडून कोणाचाच धोका कमी होत नव्हता. पहिल्याच पायरीवर ते पडतं. भरपाईनं चुकीची बंदी बरोबर होत नाही. माझा मुद्दा दुसऱ्या बाजूनं आहे: बरोबर बंदीसुद्धा भरपाईशिवाय चुकीची होते.

आपल्या खाजनांचंच, खाडीकाठच्या शेतांचंच बघा. खाऱ्या पाण्याला अडवणारा बांध फुटला की ज्याच्या कडेची माती नेऊन भगदाड बुजवलं त्याचं एकट्याचं ते नुकसान, असं गावकारीत, म्हणजे गावच्या जुन्या सामाईक कारभारात, कधी मानलं नाही. बांधाच्या मागे ज्यांची ज्यांची शेतं त्यांनी आपापल्या हिश्शाप्रमाणे खर्च सोसायचा. कामाला येणं सक्तीचं, पण खर्च सगळ्यांचा. साथीत आपण यातला सक्तीचा भाग घेतला आणि खर्चाचा भाग सोडून दिला. दोडामार्गकरांची मजुरी बुडाली तिचा फायदा मला मिळाला, मी पेन्शनवर घरात सुरक्षित होतो. त्या फायद्याचे पैसे मी कुठे भरले?

आणखी एक. भरपाई द्यायची म्हटलं की सरकार दहा वेळा विचार करतं. किती दिवस, किती भाग, खरंच गरज आहे का. फुकट मिळणारी गोष्ट माणूस सढळ हातानं वापरतो, दुसऱ्याचं स्वातंत्र्यही.

तैवाननं हे केलं. विलगीकरणात बसवलेल्याला दिवसाला हजार तैवानी डॉलर, नियम मोडला तर ते बंद आणि वर मोठा दंड. घेणं आणि देणं दोन्ही एकाच आदेशात.

शंकासूर

खाजनाचं उदाहरण चांगलं आहे, पण तिथे गावकार एकमेकांना ओळखतात, हिशेबाची वही असते, बैठकीत बोलता येतं. साथीत बैठक कोण बोलावतं? दोडामार्गकरांना तर तुमच्या बैठकीत खुर्चीच नाही, ते मतदार महाराष्ट्राचे.

म्हादईकाठ

सत्तरीतून लिहितोय, रेंज येते-जाते, तुटक वाटलं तर माफ करा.

एक आजार तुम्ही सगळे विसरलात. माकडताप. २०१५ मध्ये आमच्या पाळी गावात माणसं गेली, पुढच्या वर्षी बांदा-दोडामार्ग भागातही आला. हा माणसाकडून माणसाला होत नाही. रानात माकडं मरतात, त्यांच्या अंगावरच्या गोचिडी चावल्या की होतो. आणि जोर नेमका काजूच्या हंगामात, जेव्हा अख्खं घर बोंडू गोळा करायला रानात असतं.

तेव्हा अधिकारी येऊन सांगायचे, रानात जाऊ नका. मी रानात गेलो तर धोका कोणाला? मला. शेजाऱ्याला नाही. म्हणजे कोविडचं गणित इथे लागत नाही. इथे कोणी मला अडवलं तर ते "तुझ्या भल्यासाठी" अडवणं झालं, आणि ते मला मान्य नाही. काजू गेला तर वर्ष गेलं. अंगाला लावायला तेल दिलं, लस टोचली, मेलेलं माकड दिसलं तर कुठे कळवायचं ते सांगितलं, तेवढं पुरे. बाकी आमचा आम्ही विचार करू.

या दोन गोष्टी एकाच पोत्यात घालू नका एवढंच. साथ म्हटली की सरकारी माणसाच्या तोंडात "बंद करा" एवढंच येतं.

मास्तर_डिचोली

हे फार महत्त्वाचं बोललात. पण लहान मुलांचं काय? बापानं पाच वर्षांच्या पोराला बरोबर नेलं तर तो धोका बापाचा स्वतःचा राहत नाही.

म्हादईकाठ

बरोबर. पोरांना नेऊ नये. आमच्या वाड्यावर नेत नव्हतेच. पण पोरांना सांभाळायला बालवाडी दुपारपर्यंतच, मग ठेवायची कुठे? मुलं नेऊ नका म्हणणाऱ्यानं हंगामात संध्याकाळपर्यंत बालवाडी चालवावी. बघा, शेवटी मी पण कुळागरवाल्यांच्याच मुद्द्यावर आलो.

संपादक

दोन प्रतिसाद काढले आहेत. एका धर्माच्या लोकांवर साथीचा ठपका ठेवणारं लेखन इथे चालणार नाही, २०२० मध्येही चाललं नव्हतं. त्यावरून वाद घालायचा असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा.

वकीलबाय

संपादकांनी काढलेला एक प्रतिसाद मी वाचला होता. त्यावरूनच सुरू करते, कारण न्यायालयांपुढे हे नेमकं आलेलं आहे. १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोत प्लेगच्या भीतीनं चायनाटाउनभोवती नाकेबंदी केली. रेषा आखताना चिनी घरं आत आणि त्यांना लागून असलेली गोऱ्यांची घरं बाहेर. न्यायालयानं ती नाकेबंदी रद्द केली. प्लेगचा जंतू वंश बघून चावत नाही. रेषा वंशानं वाकली तर ती रोगाविरुद्धची रेषा उरत नाही. दोडामार्गकरांचा मुद्दा याच जातीचा आहे. पाहुणा आत आणि भांडी घासणारा बाहेर, ही रेषा विषाणूनं आखलेली नव्हती.

सक्ती म्हणजे काय, यातही पायऱ्या असतात. देवीची लस घ्यायला नकार देणाऱ्या जेकबसनचा खटला अमेरिकेत १९०५ मध्ये गाजला. सक्ती वैध ठरली असं सगळे सांगतात, पण शिक्षा होती पाच डॉलर दंडाची. त्याला धरून सुई टोचलेली नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २ मे २०२२ ला याच धर्तीवर सांगितलं: लस घ्यायला कोणालाही भाग पाडता येणार नाही, शरीरावरचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये येतो, समाजाच्या आरोग्यासाठी काही निर्बंध घालता येतात, पण ते प्रमाणात हवेत. आणि त्या वेळी रुग्णसंख्या कमी असताना लस न घेतलेल्यांना सार्वजनिक ठिकाणी अडवणं प्रमाणात बसत नव्हतं. म्हणजे तोच नियम एका महिन्यात योग्य आणि दुसऱ्या महिन्यात अन्यायकारक ठरू शकतो. शंकासूर यांना हे आवडेल.

आता १८९७ च्या कायद्याची गंमत. जेमतेम चार कलमांचा कायदा. त्यात अधिकाऱ्याला संरक्षण आहे, सद्हेतूनं केलेल्या कृतीबद्दल दावा लावता येत नाही. न ऐकणाऱ्याला शिक्षा आहे. आणि दुसऱ्या कलमात, खर्च कोणी आणि कसा सोसायचा ते सरकार ठरवेल असं म्हणताना, भरपाईचाही उल्लेख आहे: "असल्यास". सव्वाशे वर्षं आपण त्या "असल्यास"वर बसून आहोत. २०२० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांसाठी. ती हवीच होती. पण कोंडलेल्याच्या बाजूनं एक ओळ वाढली नाही.

डॉमिनिक डिसोझांचं पुढचंही सांगायला हवं. ते गप्प बसले नाहीत, उघडपणे बोलत राहिले, गोव्यात एचआयव्हीग्रस्तांसाठी काम उभं केलं आणि १९९२ मध्ये गेले. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं अशा माणसाला वेगळं काढण्याला भेदभाव ठरवलं आणि तपासणीला संमती आवश्यक केली. त्यांच्या ६४ दिवसांनंतर अठ्ठावीस वर्षांनी.

नाईट_ड्युटी

वकीलबाय, माहितीपूर्ण. पण मला एक अडचण दिसते. प्रमाण, पुरावा, कमीत कमी जाचक उपाय, हे सगळं न्यायालयात नंतर तपासता येतं. पहिल्या दहा दिवसांत पुरावा नसतोच. मार्च २०२० मध्ये हा विषाणू पृष्ठभागावरून पसरतो की हवेतून, एवढंही नीट सांगता येत नव्हतं. लोक भाजी साबणानं धुवत होते. पुरावा येईपर्यंत थांबायचं म्हटलं तर साथ थांबत नाही.

वकीलबाय

मान्य. म्हणून सुरुवातीची सक्ती अज्ञानाच्या हिशेबानं थोडी जास्त असू शकते. पण मग तिला मुदत छोटी हवी, आणि मुदत वाढवताना कारणं लेखी, लोकांसमोर. पहिल्या आठवड्याची सूट सहाव्या महिन्यात मागता येत नाही. १९८४ मध्ये इटलीतल्या सिराक्युजा इथे कायदेपंडितांनी तत्त्वं ठरवली त्यांचा रोख हाच आहे: बंदी कायद्यानं घातलेली, खऱ्या गरजेपुरती, भेदभावाशिवाय आणि ठरावीक काळाची.

शंकासूर

मुदतीचा मुद्दा आला, बरं झालं. गोव्यात कॅसिनो १ नोव्हेंबर २०२० ला उघडले. शाळेत लहान मुलं कधी परतली ते पालकांना विचारा. याला कुठलं प्रमाण लावायचं? ज्याच्या मागे पैसा त्याची मुदत लवकर संपते. तुमच्या सगळ्या तत्त्वांना मी हो म्हणतो, पण ती वापरणारा माणूस पणजीत बसलेला असतो आणि त्याला फोन कोणाचे येतात ते आपण जाणतो. म्हणून मी कमी अधिकार देण्याच्या बाजूचा.

नाईट_ड्युटी

कॅसिनोबद्दल तुमच्याशी भांडण नाही. मला तर तेव्हा कापरं भरलं होतं. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष "अधिकार काढून घ्या" असा का? अधिकार नसता तरी कॅसिनो उघडेच राहिले असते, बंद झालेच नसते.

तारवटी

सगळा धागा एका दमात वाचला. मी बोटीवरचा माणूस. २०२० मध्ये आमची बोट कुठल्याच बंदरात घेत नव्हते. पाहुणे उतरले, आम्ही राहिलो. नंतर प्रत्येकाला वेगळ्या केबिनमध्ये टाकलं, माझ्या केबिनला खिडकीसुद्धा नव्हती.

तुम्हाला वाटेल मी बंदीच्या विरोधात असेन. अजिबात नाही. बोटीवर एकाला जुलाब लागले तरी त्याला केबिनमध्ये ठेवतात, कारण तिथून पळून जायला जागाच नसते, दोन दिवसांत अख्खी बोट आडवी होते. आम्हाला त्याची सवय आहे. कोंडलं म्हणून राग नाही आला. तीन वेळ जेवण दारात यायचं, डॉक्टर फोन करायचा, घरी बोलायला इंटरनेट फुकट दिलं होतं. त्यामुळे डोकं ठिकाणावर राहिलं.

राग आला तो गोव्यात उतरल्यावर. हॉटेलात विलगीकरण, आणि पैसे कोणी भरायचे यावर आठवडाभर चर्चा. आमच्या कंपनीनं भरले. माझ्या ओळखीचा दुसऱ्या कंपनीचा एक पोरगा, करार संपलेला, पगार बंद, त्याला सांगितलं बिल तुझं. तेच हॉटेल, तोच मजला. आणि घरी गेलो तर वाड्यावरच्या लोकांनी दारं लावून घेतली, जणू मीच चीनमधून रोग घेऊन आलो. मास्तर म्हणतात तो माड आमच्यासाठी पण आडवा होता.

मास्तर_डिचोली

तारवटीबाब, तो माड टाकणाऱ्यांत आमचेच विद्यार्थी होते. गोव्यात किती घरं तुमच्या पैशावर उभी आहेत, आणि तरी असं झालं. यावर कायदा काय करणार?

वकीलबाय

कायदा निदान एवढं करू शकतो की विलगीकरण पुरं करून आलेल्या माणसाला तसा दाखला द्यायचा, आणि नंतर त्याला वाड्यावर अडवणाऱ्यावर कारवाई करायची. निर्बंध संपला हेसुद्धा सरकारनं तितक्याच मोठ्यानं सांगायला हवं जितक्या मोठ्यानं लावताना सांगितलं.

कुळागरवाला

गोव्याचा सार्वजनिक आरोग्य कायदा पुन्हा कधी दुरुस्तीला आला तर काय मागायचं यावर थोडं बोलू या. विलगीकरणाचा आदेश निघाला की त्याच कागदावर माणसाचं जेवण, औषध आणि बुडालेली मजुरी कोण देणार ते लिहिलेलं असावं. ते नसेल तर आदेश लागू नाही. तपासणी सक्तीची असेल तर ती फुकट. मालकानं या काळात कामावरून काढलं तर ते बेकायदा. आदेशाची मुदत दोन आठवडे, पुढे वाढवायची तर कारणं वर्तमानपत्रात. डांबलेल्याला किंवा त्याच्या घरच्यांना ताबडतोब दाद मागता यावी, लुसीबाईंसारखं वकील शोधत फिरावं लागू नये.

शंकासूर, यातलं तुम्हाला काय खटकतं?

शंकासूर

मुदत एक आठवडा करा. बाकीवर सही करतो, फक्त पैसे कुठून येणार ते सांगा. नाहीतर "निधी उपलब्धतेच्या अधीन" अशी शेपटी लागेल आणि पुन्हा तुमचं ते "असल्यास".

नाईट_ड्युटी

एक आठवड्यात तर लागण झालेल्याची लक्षणंसुद्धा कधी कधी दिसत नाहीत. दोन आठवडेच ठेवा, पण एक आठवड्यानं आढावा घ्या. पैशाचं म्हणाल तर पर्यटनावर साथनिधीसाठी छोटा कर लावा, चांगल्या वर्षांत जमवा. बंद करायची वेळ आली की पहिला फटका त्याच धंद्यातल्या माणसांना बसतो, त्यांनाच तो मिळेल.

दोडामार्गकर

वाचतोय सगळं. एकच विचारतो. हे गोव्याच्या विधानसभेचं. मी पत्रादेवीच्या पलीकडचा. माझी मजुरी यात येते का? २०१८ मध्ये बांबोळीत आमच्याकडून शुल्क घ्यायला लागले तेव्हा सांगितलं होतं, गोव्याचा पैसा गोंयकारांसाठी.

कुळागरवाला

यायला हवी. राहण्याच्या पत्त्यावर न जाता काम कुठे करतो त्यावर हक्क ठरवावा, म्हणजे गोव्यातल्या कोणत्याही आस्थापनेत नोंद असलेला कामगार, घर कुठेही असो. पण तुमच्या मालकानं तुमची नोंद केली आहे का?

दोडामार्गकर

नाही.

वकीलबाय

मग सुरुवात तिथून. बांधकाम मजुरांना मलेरियासाठी हेल्थ कार्ड सक्तीचं आहेच ना गोव्यात? रक्त तपासायला मजूर सापडतो, कार्डावर नाव येतं. तीच नोंद मजुरी द्यायलाही वापरता येईल, आणि ती हॉटेल-दुकानांपर्यंत वाढवता येईल. कार्डाच्या दुसऱ्या बाजूला कंत्राटदाराचं नाव आणि रोजचा दर. मसुदा करून या धाग्यावर टाकते, रविवारपर्यंत. ज्यांना कलमं वाचायचा कंटाळा नाही त्यांनी दुरुस्त्या सुचवाव्यात. शंकासूर, तुमच्यासाठी मुदतीचं कलम मुद्दाम मोकळं ठेवते.